तिजोरीत ५ कोटी डॉलर उरले, तेव्हा श्रीलंकेच्या संसदेला खरा आकडा कळला

तारीख ४ मे २०२२. श्रीलंकेचे अर्थमंत्री अली साबरी संसदेत उभे राहिले आणि त्यांनी एक आकडा सांगितला. देशाकडे वापरता येईल असं परकीय चलन ५ कोटी डॉलरपेक्षाही कमी उरलं होतं.

५ कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले ४०० कोटी रुपयेसुद्धा होत नाहीत. सव्वादोन कोटी लोकसंख्येचा देश, पेट्रोल-डिझेल बाहेरून आणायचं, गॅस बाहेरून, औषधं बाहेरून, दूध पावडरसुद्धा बाहेरून. आणि हातात एवढेच पैसे.

आपल्या मोबाइलवर श्रीलंकेचं संकट पोचलं ते दोन महिन्यांनी. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलमध्ये उड्या मारणारी पोरं, त्यांच्या पलंगावर बसून काढलेले सेल्फी. ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. त्याच काळात संसदेत काय चाललं होतं, हे मात्र फार कुणी बघितलं नाही. खरी गोष्ट तिथे आहे, कारण श्रीलंकेच्या राज्यघटनेच्या १४८व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की सार्वजनिक पैशावर पूर्ण नियंत्रण संसदेचं असेल.

मग हे पूर्ण नियंत्रण असताना तिजोरी रिकामी झाली कशी? आणि झाल्यावर संसदेने जाब कुणाला विचारला?

आधी त्या आकड्याचा घोळ समजून घेऊ. मार्च २०२२ अखेर कागदावर श्रीलंकेची परकीय गंगाजळी सुमारे १९० कोटी डॉलर दिसत होती. पण यातली मोठी रक्कम, जवळपास १५० कोटी डॉलर, चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या चलन अदलाबदलीच्या कराराची होती. हे पैसे वापरायला एक अट होती. श्रीलंकेकडे तीन महिन्यांच्या आयातीला पुरेल एवढी गंगाजळी असेल तरच त्यांना हात लावता येणार. म्हणजे गरज नसेल तेव्हा पैसे मिळणार आणि गरज पडली की नाही. एप्रिलमध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बदलले, नवे गव्हर्नर नंदलाल वीरसिंघे आले, त्यानंतर ही भानगड उघड झाली.

तोवर देशात काय अवस्था होती? मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. महिन्याच्या शेवटी दिवसाला १३ तास वीज जायला लागली. इंधनाच्या रांगेत उभी असलेली वयस्कर माणसं जागेवर कोसळून मेली. लोकांना परिस्थिती कळायला संसदेतल्या निवेदनाची गरज नव्हती.

सुरुवात झाली २०१९ मध्ये

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रचारात त्यांनी करकपातीचं मोठं आश्वासन दिलं होतं. त्या वेळचे अर्थमंत्री मंगला समरवीरा यांनी निवडणुकीआधीच सांगितलं होतं की हे केलंत तर देश दिवाळखोर होईल, आपला व्हेनेझुएला किंवा ग्रीस होईल. निवडणुकीच्या धामधुमीतलं वक्तव्य म्हणून त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. समरवीरा ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडने गेले. आपलं म्हणणं खरं ठरलेलं बघायला ते राहिले नाहीत.

गोटाबायांनी शब्द पाळला, आणि तोही झटपट. १ डिसेंबर २०१९ पासून व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्के. व्हॅटची नोंदणी कुणी करायची याची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर. पगारातून कापला जाणारा कर बंद. राष्ट्रबांधणी नावाचा आणखी एक कर होता, तोही बंद.

आता यातली गंमत बघा. प्राप्तिकरातले बदल लागू झाले १ जानेवारी २०२० पासून. त्यासाठीचा दुरुस्ती कायदा झाला मे २०२१ मध्ये. म्हणजे जवळपास सतरा महिने देशाची करवसुली कर खात्याच्या परिपत्रकांवर चालली होती. ज्या निर्णयाने तिजोरीला भगदाड पडलं, तो संसदेसमोर मंजुरीला आला तेव्हा भगदाड पडून दीड वर्ष होत आलं होतं. आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात.

या मधल्या काळात संसद होती तरी कुठे? २ मार्च २०२० ला गोटाबायांनी ती मुदतीच्या सहा महिने आधीच बरखास्त केली. मग कोविड आला, निवडणुका पुढे गेल्या. विरोधक म्हणत होते की जुनी संसद परत बोलवा, संकटाचा काळ आहे. राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला, सुप्रीम कोर्टानेही याचिका दाखल करून घेतल्या नाहीत. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली आणि नवी संसद बसली. २०२० सालचा अर्थसंकल्प मंजूर झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. वर्ष संपायला दीड महिना राहिला असताना त्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी!

तोवर करांचं उत्पन्न घसरलेलं होतं. २०१९ मध्ये ते जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या पुढे होतं, ते ८ टक्क्यांच्या आसपास आलं. पतमानांकन संस्थांनी २०२० मध्येच श्रीलंकेचा दर्जा खाली आणला आणि आंतरराष्ट्रीय बाजारातून नवं कर्ज मिळणं बंद झालं. जुनी कर्जं फेडायला नवी कर्जं काढायची, ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालत आली होती. ती साखळी तुटली.

इथे सत्ताधाऱ्यांची बाजूही सांगायला हवी, कारण ती सगळीच खोटी नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, पर्यटक आटले. मग कोविडने उरलेलं पर्यटन संपवलं. डॉलरमधली कर्जं २००७ पासून साठत आली होती आणि त्यात आज विरोधात बसलेल्यांच्या सरकारचाही हात होता. हे सगळं मान्य. पण करकपात कोविडच्या आधीची आहे. ती कोविडवर ढकलता येत नाही.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी दोन उत्तरंही इथेच निकालात काढू. एक, चीनच्या कर्जाने श्रीलंका बुडाली. चीनचं कर्ज होतं आणि त्यातले काही प्रकल्प पांढरे हत्ती निघाले, पण परदेशी कर्जातला सर्वात मोठा वाटा बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. दोन, सेंद्रिय शेतीने बुडाली. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, भात आणि चहाचं नुकसान झालं, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. मूर्खपणा होताच. पण त्या बंदीमागे डॉलर वाचवायची घाईसुद्धा होती. म्हणजे तोवर आजार जडलेला होता.

दोन तृतीयांश बहुमताने काय केलं

ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत राजपक्षेंच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या. मित्रपक्ष धरून दोन तृतीयांश. ऑक्टोबरमध्ये विसावी घटनादुरुस्ती १५६ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाली. तिने राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवले, संसदेचे कमी केले आणि दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना खासदार व्हायची वाट मोकळी केली. ही वाट कुणासाठी होती हे पुढच्या वर्षी कळलं. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे धाकटे बंधू बासिल राजपक्षे, ज्यांच्याकडे अमेरिकेचंही नागरिकत्व होतं, खासदार झाले आणि लगेच अर्थमंत्री झाले. त्याआधी अर्थखातं थोरले बंधू आणि पंतप्रधान महिंदा यांच्याकडे होतं. घरातल्या घरात.

सप्टेंबर २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले अजित निवार्ड कब्राल. नेमणुकीआधी ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि राज्यमंत्री होते. सरकारच्या खर्चासाठी नोटा छापायला ज्याने 'नाही' म्हणायचं, त्याच खुर्चीवर सरकारमधला माणूस. सार्वजनिक वित्त समितीचं अध्यक्षपदही तेव्हा सत्ताधारी बाकावरच्या खासदाराकडे होतं.

विरोधक गप्प होते असं अजिबात नाही. हर्षा डिसिल्वा यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ खासदार सतत सांगत होते की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जा, कर्जाची फेररचना मागा, हातात चार पैसे असताना मागा. सरकारचं उत्तर ठरलेलं होतं. आमच्याकडे आमचा स्वतःचा मार्ग आहे.

या भांडणाचा कडेलोट झाला १८ जानेवारी २०२२ ला. त्या दिवशी ५० कोटी डॉलरचे रोखे परतफेडीला आले. औषधं आणि इंधनाला पैसे नाहीत, हे पैसे आत्ता देऊ नका, असं अनेक जण म्हणत होते. कब्राल म्हणाले, श्रीलंकेने आजवर कर्ज बुडवलेलं नाही. पैसे दिले गेले. तीन महिन्यांत, १२ एप्रिलला, देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारीतले ५० कोटी परदेशी गुंतवणूकदारांच्या खिशात गेले आणि मे महिन्यात देशाकडे ५ कोटी उरले. या दोन आकड्यांचा हिशेब त्या रांगेतल्या माणसाला कुणी समजावून द्यायचा?

मतदानाचे आकडे

३१ मार्चला लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरावर चालून गेले. ३ एप्रिलच्या रात्री मंत्रिमंडळाने सामुदायिक राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी अली साबरींना अर्थमंत्री केलं, त्यांनी चोवीस तासांत राजीनामा दिला, आणि मग दुसरं कुणीच पुढे येईना म्हणून ते परत आले. साबरी मुळात वकील. संसदेला खरा आकडा सांगायचं काम त्यांच्या वाट्याला आलं आणि हे संकट अजून दोन वर्षं तरी चालेल, हेही त्यांनीच सांगितलं.

५ एप्रिलला संसद भरली तेव्हा सत्ताधारी आघाडीतल्या ४० हून अधिक खासदारांनी जाहीर केलं की आम्ही आता स्वतंत्र बसणार. सरकार अल्पमतात गेलं अशा बातम्या जगभर झळकल्या. विरोधकांनी ३ मे रोजी अविश्वास प्रस्तावाची नोटीस दिली.

दोन दिवसांनी उपसभापतिपदाची निवडणूक झाली. स्वतंत्र गटाच्या उमेदवाराला सरकारने पाठिंबा दिला आणि तो १४८ विरुद्ध ६५ मतांनी निवडून आला. स्वतंत्र किती स्वतंत्र होते ते दिसलं.

९ मे रोजी राजपक्षे समर्थकांनी आंदोलकांवर हल्ला केला, देशभर हिंसाचार उसळला, एक सत्ताधारी खासदार मारला गेला आणि महिंदांनी राजीनामा दिला. आता राहिले गोटाबाया. १७ मे रोजी तमिळ खासदार सुमंतिरन यांनी मागणी केली की आजचं कामकाज बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांवरच्या नाराजीच्या प्रस्तावावर चर्चा करू. नुसती चर्चा. मतदान झालं. बाजूने ६८, विरोधात ११९. चर्चा झाली नाही.

हा ११९ चा आकडा मला या सगळ्या कथेत सर्वात बोलका वाटतो. प्रस्ताव मंजूर झाला असता तरी गोटाबायांना कायद्याने घरी जावं लागलं नसतं. तिथल्या व्यवस्थेत अविश्वास प्रस्तावाने मंत्रिमंडळ पडतं, राष्ट्राध्यक्ष नाही. राष्ट्राध्यक्षांना हटवायला महाभियोग लागतो, त्यात दोन तृतीयांश मतं आणि मध्ये सुप्रीम कोर्ट. म्हणजे निर्णय घेणारा एक आणि संसदेच्या तावडीत सापडणारा दुसराच. आपल्याकडे लोकसभेत अविश्वास प्रस्ताव जिंकला की पंतप्रधानांसकट सरकार जातं, निर्णय घेणाराच पडतो. श्रीलंकेत ते साधत नाही, म्हणून निदान बोलायची मुभा मागितली होती. तीही ११९ जणांनी नाकारली.

जे संसदेला जमलं नाही ते रस्त्याने केलं. ९ जुलैला लोक बंगल्यात शिरले, १३ तारखेला गोटाबाया मालदीवला पळाले, १४ ला सिंगापूरहून राजीनामा पाठवला. मग २० जुलैला त्याच खासदारांनी नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. रनिल विक्रमसिंघेंना १३४ मतं, डलस अलाहापेरुमांना ८२. तिसऱ्या उमेदवाराला ३ मतं पडली. त्याचं नाव अनुरा कुमारा दिसानायके.

बिल कुणाच्या नावावर फाटलं

विक्रमसिंघेंनी कठोर निर्णय घेतले हे खरं. त्यांनी जूनमध्येच संसदेत सांगून टाकलं होतं की अर्थव्यवस्था पूर्ण कोसळली आहे. मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी डॉलरच्या मदतीला मंजुरी दिली. त्यासाठी कर्ज देणाऱ्या देशांची हमी लागते, ती सर्वात आधी भारताने दिली होती. २०२२ मध्ये इंधन-अन्न-औषधांसाठी भारताने दिलेली जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत वेगळीच.

२८ एप्रिल २०२३ ला नाणेनिधीचा करार संसदेत १२० विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. बेरीज करा, १४५ होते. देशाच्या पुढच्या कित्येक वर्षांचा आर्थिक करार, आणि २२५ च्या सभागृहात जवळपास ८० जणांनी मतच दिलं नाही.

१ जुलैला, शनिवारी, खास बैठक बोलावली गेली. विषय होता देशांतर्गत कर्जाची फेररचना. बाजारात घबराट नको म्हणून बँकांना सलग पाच दिवस सुट्टी. इथे खरा प्रश्न होता की तोटा कुणी सोसायचा. बँकांना वगळलं गेलं, कारण बँका आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या आणि त्या बुडाल्या तर ठेवीदार बुडतील. मग उरला नोकरदारांचा भविष्यनिर्वाह निधी, आपल्या पीएफसारखा. निधीला सांगितलं गेलं की जुने सरकारी रोखे देऊन कमी व्याजाचे नवे घ्या, नाहीतर उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर भरा. १२२ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर.

कापड कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या म्हातारपणाच्या पैशावर हा निर्णय झाला. २०१९ च्या करकपातीत तिला काय मिळालं होतं? फार तर व्हॅट कमी झाल्याचा थोडा फायदा. पुढे तोच व्हॅट जून २०२२ मध्ये १२ टक्के झाला, सप्टेंबरमध्ये १५ आणि जानेवारी २०२४ मध्ये १८. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई वर्षाला ६९.८ टक्क्यांवर गेली होती. पगार तेवढाच.

आणि चौकशी? दिवाळखोरीची कारणं शोधायला २०२३ मध्ये संसदेने निवड समिती नेमली. अध्यक्ष सागर कारियवासम. ते कोण? राजपक्षेंच्याच पक्षाचे सरचिटणीस. विरोधकांनी समितीवर बहिष्कार टाकला. दुसरं काय करणार होते?

जाब शेवटी कोर्टाने विचारला. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की गोटाबाया, महिंदा, बासिल, कब्राल आणि इतर बड्या अधिकाऱ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. कुणाला शिक्षा झाली नाही, लोकांना भरपाई नाही. याचिकाकर्त्यांना दाव्याच्या खर्चापोटी १ लाख ५० हजार रुपये द्यायला सांगितलं, बस्स. तरीही कागदावर नावं आली, हे मला छोटं वाटत नाही. ज्या सभागृहाच्या हातात 'पूर्ण नियंत्रण' होतं त्याला ती नावं कधीच लिहिता आली नव्हती.

आपण हे वाचताना 'आपल्याकडे असं होणार नाही' म्हणायचा मोह होतो. काही बाबतीत आपली तटबंदी खरंच चांगली आहे. २००३ च्या वित्तीय शिस्तीच्या कायद्यामुळे रिझर्व्ह बँकेला सरकारचे रोखे थेट सरकारकडून विकत घेता येत नाहीत, अपवाद सोडून. पण १९९१ आठवून बघा. लोकसभा मार्चमध्ये बरखास्त झालेली, देश हंगामी अर्थसंकल्पावर चाललेला, आणि मे महिन्यात २० टन सोनं परदेशात विकायचा निर्णय काळजीवाहू सरकारने घेतला. जुलैमध्ये आणखी ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने गहाण ठेवायला गेलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ वर आला तोही अध्यादेशाने, संसद बसलेली नसताना. फरक एवढा की अध्यादेशाला आपल्याकडे मुदत असते आणि त्याचा कायदा त्याच डिसेंबरमध्ये झाला. सतरा महिने लागले नाहीत.

श्रीलंकेत नंतर बरंच बदललं. २०२३ च्या नव्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला सरकारसाठी नोटा छापायला बंदी आली. संसदेसाठी स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाचा कायदा झाला. २०२४ मध्ये सरकारच्या खर्चावर, व्याज सोडून, जीडीपीच्या १३ टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

आणि ज्यांना २० जुलै २०२२ ला ३ मतं पडली होती ते दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये थेट जनतेतून राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या, राजपक्षेंच्या १४५ पेक्षाही जास्त. नाणेनिधीचा कार्यक्रम त्यांनी चालूच ठेवला आहे. परदेशी कर्जाच्या परतफेडीचा मोठा भार २०२८ पासून पुन्हा सुरू होतो. दोन तृतीयांश बहुमताचं सरकार तिथे परत आलंय. या वेळी सार्वजनिक वित्त समितीच्या अध्यक्षपदावर मात्र विरोधी बाकावरचे हर्षा डिसिल्वा आहेत.